टायरच्या हवेचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो : रीसेट करण्यापूर्वी, करताना आणि नंतर

डॅशबोर्डवर टायरच्या आडव्या छेदाची आकृती आणि तिच्यात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो, आपण पेट्रोल पंपावर हवा भरून घेतो, मेनूत जाऊन रीसेट करतो आणि दिवा विझतो. पण काही दिवसांनी सकाळी गाडी सुरू करताच तोच दिवा पुन्हा समोर येतो. मग पुन्हा हवा, पुन्हा रीसेट. हा फेरा ज्यांच्या मागे लागला आहे त्यांच्यासाठी हे टिपण आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे : रीसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे. ज्या गाड्यांत रीसेटची सोय असते, त्यांत आपण ते बटण दाबून गाडीला एवढेच सांगत असतो की या क्षणी चारही टायरांत आहे तेवढी हवा योग्य आहे, येथून पुढे फरक पडला तर कळव. हे सांगणे चुकीचे असेल, म्हणजे हवा कमी असताना किंवा टायर तापलेले असताना आपण ते बटण दाबले असेल, तर गाडी एक तर अकारण तक्रार करीत राहते किंवा तक्रार करायला हवी तेव्हा गप्प बसते. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा फार वाईट आहे.

दिवा कसा लागतो, ते आधी पाहावे

बहुतेक गाड्यांमध्ये हा एकच दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. इंजिन सुरू केल्यावर तो लागला आणि न लुकलुकता स्थिर राहिला, तर एखाद्या किंवा अधिक टायरांतील हवा कमी झाली आहे असा त्याचा अर्थ होतो. तो सुरुवातीला मिनिटभर ते दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर हवेचे काही म्हणणे नसून टायरच्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेतच बिघाड आहे, म्हणजे एखादा सेन्सर बोलत नाही किंवा त्याचा संदेश पोहोचत नाही. हा फरक अमेरिकेतील नियमाने ठरवून दिलेला आहे. फायरस्टोन कंपनीच्या सदोष टायरांमुळे झालेल्या अपघातांनंतर तेथे 2000 साली कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून तयार होणाऱ्या सर्व हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांची यंत्रणा त्याच घडणीची असल्याने हा संकेत येथेही उपयोगी पडतो. लुकलुकणाऱ्या दिव्यावर हवा भरणे हा उपाय नाही आणि स्थिर दिव्यासाठी सेन्सर बदलणे हा खर्च वाया आहे. वर्कशॉपमध्ये जाण्यापूर्वी पहिले दीड मिनिट दिव्याकडे लक्ष दिले, तर निम्मे निदान तेथेच होते.

आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे

ही यंत्रणा दोन प्रकारची असते आणि रीसेटची पद्धत पूर्णपणे त्यावर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडून, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो हवेचा दाब व तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवरून आकडा गाडीला कळवतो. पडद्यावर प्रत्येक टायरचा दाब वेगळा दिसत असेल, तर बहुधा हाच प्रकार आहे. ह्युंदाई क्रेटासारख्या गाड्यांत इंजिन सुरू केल्याबरोबर आकड्यांच्या जागी गाडी चालवल्यावर दाब दिसेल अशा अर्थाची सूचना येते, तिला बिघाड समजू नये. बॅटरी वाचवण्यासाठी हे सेन्सर उभ्या गाडीत जवळजवळ झोपलेले असतात आणि चाके फिरू लागल्यावर जागे होतात.

दुसऱ्या प्रकारात टायरच्या आत काहीच नसते. एबीएससाठी, म्हणजे जोराने ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाला जो वेगमापक असतो, त्याच्याच आकड्यांवरून गाडी अंदाज बांधते : हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे तेवढ्याच अंतरासाठी ते चाक इतरांपेक्षा थोडे जास्त फेरे घेते. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत ही पद्धत आहे. ती स्वस्त आणि टिकाऊ आहे, कारण तिच्यात संपणारी बॅटरी नाही. मात्र तिला तुलना करण्यासाठी एक आधार लागतो, आणि तो आधार आपण रीसेट करून देतो. चारही टायरांची हवा महिनोन्महिने सारखीच उतरत गेली, तर या पद्धतीला ते उशिरा कळते किंवा कळतच नाही. म्हणून दिवा लागला नाही याचा अर्थ हवा ठीक आहे, असा निष्कर्ष या गाड्यांच्या मालकांनी काढू नये.

फेऱ्याचे सर्वांत मोठे कारण : तापलेल्या टायरांत भरलेली हवा

माझ्या मते वारंवार लागणाऱ्या दिव्यांपैकी बरेचसे दिवे कोणत्याही बिघाडामुळे लागत नाहीत. ते पेट्रोल पंपावरच्या आपल्या सवयीमुळे लागतात. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जो दाब छापलेला असतो, तो थंड टायरसाठी असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास सावलीत उभी आहे किंवा उभी राहिल्यानंतर फार तर दोनेक किलोमीटर हळू चालली आहे. आपण मात्र दुपारी, ऑफिसमधून परतताना किंवा महामार्गावरून उतरल्यावर पंपावर जातो, तेव्हा टायर तापलेले असतात आणि त्यांतील हवा प्रसरण पावलेली असते.

याचा हिशेब करून पाहिला की गोष्ट पटते. तापमानात 10 अंश सेल्सिअसचा फरक पडला की मोटारीच्या टायरच्या दाबात साधारण दीड पीएसआयचा (पीएसआय हे पंपावर वापरले जाणारे दाबाचे एकक) फरक पडतो. समजा, नाशिकला डिसेंबरातील दुपारी लांबून आलेल्या गाडीच्या टायरांतील हवा 50 अंशांपर्यंत तापली आहे आणि पंपावरील यंत्राने बरोबर 33 पीएसआय भरून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पारा 10 अंशांवर आला की त्याच टायरांत, कोठेही गळती नसताना, सुमारे 27 पीएसआय उरतात. अमेरिकेच्या नियमानुसार ठरलेल्या दाबापेक्षा 25 टक्के कमी झाल्यावर इशारा यायला हवा, युरोपात ही मर्यादा 20 टक्के आहे. 33 पीएसआयचे 20 टक्के म्हणजे साडेसहा. म्हणजे ही गाडी इशाऱ्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबली आहे आणि पंधरवड्यात अर्धा-एक पीएसआय नैसर्गिकरीत्या उतरला की दिवा लागणारच. सकाळी लागलेला दिवा दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर आपोआप विझत असेल, तर कारण जवळजवळ निश्चितपणे हेच आहे. निफाड, नाशिक, पुणे, जळगाव, नागपूर या भागांत थंडीच्या दिवसांत ही तक्रार वाढते आणि मुंबई-कोकणात तुलनेने कमी असते, तेही याचमुळे.

उपाय सोपा आहे, पण तो सकाळी करावा लागतो. स्वतःचे एक डिजिटल दाबमापक घ्यावे आणि सकाळी निघण्यापूर्वी चारही टायर तपासावेत. जवळच्या पंपावर जायला दोनेक किलोमीटर पुरत असतील, तर तेथे छापील आकड्याएवढी हवा भरावी. पंप दूर असेल, तर बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवणे उत्तम. तापलेल्या टायरांतच हवा भरण्याची वेळ आली, तर छापील आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून दुसऱ्या दिवशी थंड स्थितीत नेमकी करून घ्यावी. तापलेल्या टायरचा दाब छापील आकड्याहून जास्त दिसला म्हणून हवा काढू मात्र नये. काही गाड्यांवर दाब किलोपास्कल किंवा बारमध्ये लिहिलेला असतो. 230 किलोपास्कल म्हणजे 2.3 बार म्हणजेच सुमारे 33 पीएसआय.

नायट्रोजनबद्दल अनेकदा विचारले जाते. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापमानानुसार त्याचा दाब हवेसारखाच कमी-जास्त होतो. कोरडा वायू असल्याने तो भरण्यात तोटा नाही, परंतु हिवाळ्यात पहाटे लागणारा दिवा त्याने थांबत नाही.

चार टायर, चार नोंदी

हवा सकाळी नीट भरूनही दिवा परत लागत असेल, तर रीसेट करण्याचा मोह आवरावा आणि आठवडाभर, एक दिवसाआड, थंड स्थितीत चारही टायरांचा दाब वहीत लिहावा. पडद्यावर आकडे दिसत असले तरी ते केवळ ताडून पाहण्यापुरते वापरावेत, मोजणी त्याच एका दाबमापकाने करावी. या नोंदींतून जे दिसते ते तासभर मेनू चाळून दिसत नाही.

तीन टायर स्थिर आहेत आणि एकच उतरतो आहे, तर ती गळती आहे, मग ती दिवसाला अर्धा पीएसआय का असेना. चारही टायर सारखेच उतरले असतील, तर थंडी वाढली आहे किंवा बराच काळ हवा तपासलेली नाही. निरोगी टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतो. आणि चारही आकडे जागच्या जागी असताना दिवा लागत असेल, तर टायर निर्दोष आहेत आणि दोष यंत्रणेला दिलेल्या आधारात किंवा सेन्सरमध्ये आहे. रीसेटची खरी गरज या तिसऱ्या स्थितीत असते.

हळू गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी अजूनही सर्वांत भरवशाचे साधन आहे. प्रथम व्हॉल्व्हची टोपी काढून पिनवर पाणी सोडावे. तेथे बुडबुडा फुगत असेल, तर काही रुपयांची पिन बदलून किंवा नीट घट्ट करून काम होते. नंतर व्हॉल्व्ह रिममधून बाहेर येतो ती जागा, नंतर टायरचा पृष्ठभाग आणि शेवटी रिमची कड दोन्ही बाजूंनी पाहावी. रिमच्या कडेची गळती पंक्चरवाल्याच्या नजरेतून बरेचदा सुटते, कारण तो खिळा शोधत असतो. खड्ड्यात आदळून वाकलेली रिम किंवा कडेवर धरलेला गंज यांमुळे टायर तेथे घट्ट बसत नाही. अशा वेळी टायर उतरवून कड घासून साफ करावी लागते.

समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सेन्सर असलेल्या अनेक चाकांचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो. त्यात साधी पितळी पिन किंवा पितळी टोपी बसवली, तर खाऱ्या दमट हवेत दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन व्हॉल्व्ह गंजतो, टोपी चिकटून बसते आणि ती जोराने फिरवताना व्हॉल्व्हच तुटतो. त्याबरोबर सेन्सरही जाण्याची शक्यता असते. अशा व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि प्लास्टिकची टोपी लावावी. मुंबई, रत्नागिरी, गोवा येथील वाचकांनी दिसायला चांगल्या म्हणून घेतलेल्या धातूच्या टोप्या आजच काढून ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रत्यक्ष रीसेट

टायर थंड आहेत, दाब नेमका आहे, गळती नाही, एवढे झाले की मगच रीसेट करावे. चाकांच्या वेगावरून अंदाज बांधणाऱ्या गाड्यांत गाडी उभी करून इग्निशन चालू ठेवावे, गाडीच्या सेटिंगमध्ये किंवा वाहनाच्या स्थितीच्या पानावर टायरचा भाग उघडावा आणि दाब साठवण्याचा पर्याय निवडून त्याला दुजोरा द्यावा. टोयोटाच्या ज्या गाड्यांत यासाठी स्वतंत्र बटण आहे, त्यांत दिवा तीन वेळा सावकाश लुकलुकेपर्यंत ते दाबून धरायचे असते आणि त्यानंतर काही मिनिटे इग्निशन बंद करायचे नसते. आपल्या गाडीतील नेमका मार्ग पुस्तिकेत पाहावा, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो बदलतो.

येथे अनेकांची एक गफलत होते : बटण दाबले म्हणजे काम झाले असे ते समजतात. बटणाने फक्त शिकण्याची सुरुवात होते, आणि शिकणे गाडी चालताना होते. होंडाच्या अशा गाड्यांना यासाठी ताशी साधारण 50 ते 100 किलोमीटरच्या दरम्यान एकूण सुमारे अर्धा तास चालावे लागते. इतर कंपन्यांच्या गाड्यांनाही कमी-अधिक तेवढाच काळ, वेगवेगळ्या वेगांत, लागतो. रोज अंधेरी ते वांद्रे किंवा हिंजवडी ते शिवाजीनगर असे रांगेत सरकणाऱ्या गाडीला तो वेग मिळतच नाही, त्यामुळे शिकणे दिवसेंदिवस अपुरे राहते आणि अंदाजही कच्चा राहतो. म्हणून अशा गाडीचे रीसेट रविवारी पहाटे करावे आणि लगेच मोकळ्या महामार्गावर पाऊण तास एकसारखी गाडी चालवावी. सतत वळणांच्या घाटात हे करू नये. वळणावर आतली व बाहेरची चाके मुळातच वेगळ्या गतीने फिरतात.

एकच टायर नवा बसवला, पुढची-मागची चाके अदलाबदल केली, किंवा कुटुंबासह सामान घेऊन निघताना मागील टायरांत छापील तक्त्याप्रमाणे जास्त हवा भरली, की प्रत्येक वेळी अशा गाडीला पुन्हा रीसेट लागते. नव्या टायरच्या नक्षीची खोली आठेक मिलिमीटर आणि जुन्याची तीन असेल, तर त्रिज्येतील पाच मिलिमीटरचा फरक यंत्रणेला हवेच्या फरकासारखाच भासतो. टायर बदलल्यावर सुरू झालेल्या कटकटीचे मूळ बहुधा येथे असते.

चाकात सेन्सर असलेल्या गाड्यांत मात्र सामान्यतः रीसेट करावेच लागत नाही. हवा भरून थोडा वेळ ताशी 30 किलोमीटरच्या वर गाडी चालवली की नवा आकडा पोहोचतो आणि दिवा विझतो. चाके अदलाबदल केल्यानंतर पडद्यावर टायरांच्या जागा चुकीच्या दाखवल्या जात आहेत, अशी शंका आली तर एका टायरमधील चार पीएसआय हवा काढून गाडी थोडी चालवावी आणि कोणत्या जागेचा आकडा घटला ते पाहावे. जागा चुकली असेल, तर सेन्सर नव्याने ओळखून घेण्याचे काम काही गाड्या स्वतः करतात, काहींना वर्कशॉपमधील यंत्र लागते.

बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवणे किंवा टायरांत मर्यादेबाहेर हवा भरून पुन्हा सोडणे, असे उपाय इंटरनेटवर पुष्कळ सांगितले जातात. दाब खरोखरच कमी असेल तर टर्मिनल काढून काहीही साधत नाही, उलट घड्याळ, काचांची स्वयंचलित हालचाल अशा इतर नोंदी पुसल्या जाऊ शकतात. आणि मर्यादेबाहेर हवा भरणे सरळसरळ धोक्याचे आहे.

लुकलुकणारा दिवा

आता दुसऱ्या संकेताकडे वळू. सेन्सरमधील बॅटरी आतच बंद केलेली असते आणि साधारण पाच ते दहा वर्षे चालते. ती संपली की पूर्ण सेन्सर बदलावा लागतो. शेवटच्या काळात ती थंडीत कमी पडते, म्हणून पहाटे लुकलुकणारा आणि दुपारी ठीक असलेला दिवा हे बॅटरी संपत आल्याचे लक्षण असू शकते. सात-आठ वर्षे जुन्या गाडीत एक सेन्सर गेला असेल, तर बाकीचे तीनही त्याच वयाचे आहेत हे लक्षात घेऊन टायर बदलताना चारही बदलणे मजुरीच्या दृष्टीने परवडते.

सेन्सर निकामी होण्याचे आपल्याकडील मोठे कारण पंक्चरच्या दुकानात घडते. टायर रिमवरून सोडवताना लोखंडी पट्टी व्हॉल्व्हच्या जवळ घातली की आतला सेन्सर फुटतो. काम सुरू होण्यापूर्वीच व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे असे सांगावे आणि टायर व्हॉल्व्हपासून दूरच्या जागी उघडायला लावावा. साधा खिळ्याचा पंक्चर बाहेरून रबरी पट्टी भरून काढता येतो, त्यासाठी टायर उतरवावाच लागत नाही. टायरमध्ये ओतायच्या द्रव सीलंटने सेन्सरचे छिद्र बुजू शकते, म्हणून तो केवळ अडचणीच्या वेळी वापरावा आणि नंतर टायर आतून साफ करून घ्यावा. रस्त्याकडेच्या दुकानात ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून दिली असेल, तर त्यासाठी सेन्सर काढलेलाच असणार. अशा गाडीचा दिवा कितीही रीसेट केला तरी लुकलुकत राहील.

स्टेपनीही अनेकदा गोंधळ घालते. बहुतेक गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो, त्यामुळे ती चाकाच्या जागी बसवताच यंत्रणा एका सेन्सरचा शोध घेत राहते आणि दिवा लागतो. याउलट काही थोड्या गाड्यांत स्टेपनीतही सेन्सर असतो. तिची हवा वर्षभर कोणी पाहिलेली नसते आणि रस्त्यावरचे चारही टायर उत्तम असताना दिवा मात्र डिकीतल्या टायरसाठी लागलेला असतो. दुसरीकडे, 2020 साली केंद्र सरकारने नियम बदलल्यापासून ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि ही यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना स्टेपनी ठेवणे बंधनकारक राहिलेले नाही. ज्यांच्या गाडीत स्टेपनीच नाही, त्यांच्यासाठी हा दिवा हीच एकमेव पूर्वसूचना आहे.

नवा डॅशकॅम, मोबाईलचा स्वस्त चार्जर किंवा बाहेरून बसवलेले दिवे लावल्यापासून तक्रार सुरू झाली असेल, तर ते उपकरण आठवडाभर काढून पाहावे. सेन्सरचा संदेश फार क्षीण असतो आणि अशा वस्तूंच्या विद्युत गोंगाटात तो हरवू शकतो.

लांबच्या प्रवासापूर्वी

समृद्धी महामार्गासारख्या सिमेंट काँक्रीटच्या, ताशी 120 किलोमीटरपर्यंत मुभा असलेल्या रस्त्यावर जायचे असेल, तर लागलेला दिवा घेऊन मुळीच निघू नये. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, तिच्यातून उष्णता निर्माण होते आणि विदर्भातील उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीच्या वजनाखाली, तासन्‌तास तीच क्रिया चालू राहिली की टायर फुटतो. वाटेत दिवा लागला, तर जोराने ब्रेक न दाबता वेग हळूहळू कमी करावा, सुरक्षित जागी थांबून चारही टायर हाताने व दाबमापकाने तपासावेत आणि जो टायर उतरला असेल त्यात हवा भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. एवढ्या वेळात दोन पीएसआय गेले, तर त्या टायरवर पुढे जाऊ नये.

वर्कशॉपमध्ये गाडी द्यायची वेळ आलीच, तर ‘दिवा लागतो, बंद करून द्या’ असे सांगू नये. आठवड्याच्या नोंदींची वही दाखवावी, दिवा स्थिर असतो की लुकलुकतो ते सांगावे आणि निदानयंत्रावर प्रत्येक सेन्सरचा ओळखक्रमांक, त्याने कळवलेला दाब आणि बॅटरीची स्थिती आपल्यासमोर वाचून दाखवायला सांगावी. नवा सेन्सर बसवला, तर तो गाडीच्या यंत्रणेत नोंदवला गेल्याची खात्री तेथेच पाच-दहा मिनिटे गाडी चालवून करून घ्यावी आणि टायर उतरवलेला असल्यास व्हॉल्व्हची पिन, रबरी रिंग व टोपी नवीन लावली आहे का, तेही बिलात पाहावे.